परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांचं नेमकं काय होत असतं

जून-जुलैत तिकडच्या शाळांना सुट्टी लागली की कोथरूड, औंध, सहकारनगर, बिबवेवाडी कुठेही जा, सोसायटीत एखाद्या तरी घरी अमेरिकेहून नाहीतर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाहून नातवंडं आलेली असतात, आणि आठवडाभरात त्यांच्याबद्दल तीच वाक्यं ऐकू यायला लागतात. मराठी कळतं पण बोलत नाही. आमटी-भात नको, पास्ता हवा. मोठ्यांना नमस्कार करायचं कळत नाही. आणि शेवटी ठरलेलं, आईबापांनी संस्कारच केले नाहीत हो. मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं, कारण मी पुण्यात बसून याच वयाच्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. शनिवारी आपली संध्याकाळ असते तेव्हा तिकडे सकाळ असते, मुलं पायजम्यातच समोर येऊन बसतात, आणि त्यांच्याशी बोलताना जे दिसतं ते इथल्या आजी-आजोबा, मावश्या, काकांपर्यंत पोचतच नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. जास्त करून अमेरिकेबद्दल लिहीन कारण माझी बहुतेक मुलं तिथली आहेत.

आधी ही माणसं तिकडे गेली कशी ते बघू, मुलांच्या निम्म्या अडचणी तिथून सुरू होतात. आज आपल्याला वाटतं की भारतीय आणि अमेरिका हे कायमचंच जमलेलं आहे, पण १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सरळ सांगितलं होतं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, त्यामुळे त्याला नागरिक होता येणार नाही. हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच लष्करात होते, तरी. १९४६ मध्ये नागरिक व्हायची वाट मोकळी झाली पण वर्षाला जेमतेम १०० भारतीयांचा कोटा. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, त्यात देशांप्रमाणे ठरवलेले जुने कोटे गेले आणि कौशल्य आणि तिथे असलेले नातेवाईक यांना महत्त्व आलं. मग डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक गेले. पुढे १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला, म्हणजे खास कौशल्याच्या नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटरच्या तारखांचा वायटूके वाला गोंधळ निस्तरायला हजारो प्रोग्रॅमर लागले, आणि आपल्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून बाहेर पडलेली पोरं भराभर तिकडे गेली. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणारे ४४ लाखांच्या आसपास होते. म्हणजे ही 'मुलं' सगळी लहानही नाहीत, साठ-सत्तरच्या दशकात गेलेल्यांची मुलं आज स्वतः पन्नाशीला आलेली आहेत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. या कायद्यांनी आपल्यातली शिकलेली, परीक्षा पास होत गेलेली माणसंच चाळून नेली. त्यामुळे त्या घरांमध्ये अभ्यास हाच धर्म झाला, आणि त्यात चूक काय, त्यांना अभ्यासानेच तारलं होतं. १९८५ मध्ये बालू नटराजन या मुलाने तिथली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा जिंकली, भारतीय वंशाचा तो पहिला विजेता, आणि २०१९ मध्ये त्याच स्पर्धेत आठ जण संयुक्त विजेते ठरले त्यातले सात आपले. बाहेरच्यांनी यावरून 'मॉडेल मायनॉरिटी' असं लेबल लावून टाकलं, म्हणजे हे लोक शहाणे, कष्टाळू, तक्रार न करणारे. ऐकायला छान वाटतं. पण ज्या मुलाला गणितात 'बी' ग्रेड मिळते त्याला मग वाटतं की मी नुसता गणितात कमी पडलो नाही तर भारतीय असण्यातच कमी पडलो. शाळेत सगळे म्हणतात तू इंडियन आहेस ना मग तुला यायलाच पाहिजे, घरी सगळे म्हणतात आपल्याकडे असे मार्क कुणाला पडले नव्हते. कुठे जायचं त्याने?

आता मूळ मुद्द्याकडे. एरिक एरिक्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी मांडलंय की टीनेजमध्ये माणसाचं मुख्य काम असतं 'मी कोण' हे शोधणं. हे काम आपणही केलं, फक्त आपल्याला ते केल्याचं आठवत नाही, कारण आजूबाजूला सगळ्यांची नावं आपल्यासारखी, डबे आपल्यासारखे, सण तेच, आणि वाद झाला तर सायन्स घ्यायचं का कॉमर्स एवढाच. तिकडे गेलेल्या आईबापांची ओळख पुण्यात, साताऱ्यात, नाशकात पक्की होऊन मग विमानात बसली. ते तिकडे कितीही वर्षं राहिले तरी आतून त्यांना माहीत असतं की आपण कोण. त्यांच्या मुलाला हे आयतं मिळत नाही, त्याला ते तिथेच आणि एकट्याने घडवावं लागतं, आणि ज्यांना विचारावं त्या आईबापांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. मला वाटतं सगळ्यात मोठी दरी इथे आहे, भाषेत किंवा खाण्यात नाही.

शाळेत काय होतं ते मुलं सांगतात ते सांगते. वर्षाच्या पहिल्या दिवशी टीचर हजेरी घेते, एका नावापाशी येऊन थबकते, आणि त्या थबकण्यावरूनच मुलीला कळतं की आपलं नाव आलं. मृण्मयी असेल तर तिसरीपर्यंत 'मिया' झालेली असते, तीच सांगते मला मिया म्हणा, कारण रोज दुरुस्त करत बसायचा कंटाळा येतो आणि सगळे वळून बघतात ते नको असतं. हल्ली म्हणूनच नील, रिया, माया, जय, अनिका अशी दोन्हीकडे चालणारी नावं ठेवायची पद्धत पडलीय, त्याला इथे नावं ठेवू नका, त्यामागे बऱ्याचदा आईबापांनी स्वतः ऑफिसात भोगलेलं असतं. डब्याचंही तसंच, हिंगाच्या फोडणीचा वास आला की बाजूचं मूल नाक मुरडतं आणि मग आपलं मूल आईला सांगतं की मला सँडविच दे. घरी तेच मूल पोहे मिटक्या मारत खातं हे इथे कुणाला माहीत नसतं.

आणि काही गोष्टी चेष्टेच्या पलीकडच्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीर सिंग सोधी यांना पगडी बघून गोळ्या घातल्या. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला एका बारमध्ये मारलं, मारणारा 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत होता. अशा बातम्या त्या घरांत हळू आवाजात बोलल्या जातात पण मुलांना कळतात. मग एखादा मुलगा बाहेर मराठीत बोलू नका म्हणून आईच्या मागे लागतो तेव्हा त्याला लाज वाटते असं आपण धरून चालतो, कधी ती भीती असते.

या सगळ्यात मुलं काय करतात? जॉन बेरी नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी याची एक सोपी मांडणी केलीय. दोन प्रश्न विचारायचे, घरची संस्कृती धरून ठेवावीशी वाटते का आणि बाहेरच्या समाजात मिसळावंसं वाटतं का. दोन्हीला हो असेल तर मूल दोन्ही सांभाळतं. घरच्याला नाही आणि बाहेरच्याला हो, तर ते पूर्ण तिकडचं व्हायला बघतं. उलटं असेल तर आपल्याच लोकांत राहतं, आपलेच मित्र, आपलीच गाणी. आणि दोन्हीला नाही, म्हणजे इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही, ती अवस्था सगळ्यात त्रासाची. बेरींचं सांगणं असं की दोन्ही सांभाळणारे साधारणपणे जास्त सुखात असतात. पण हे मुलाच्या एकट्याच्या हातात नसतं हो, बाहेरचा समाज घ्यायला तयार पाहिजे आणि घरच्यांनीही मोकळं सोडायला पाहिजे. शिवाय कुणी एकाच खणात कायमचं बसत नाही. माझ्याकडे एक मुलगा आहे, शाळेत तो भारतीय असल्याचा उल्लेखही करत नाही आणि गणपतीत मंडळाच्या लेझीम पथकात सगळ्यात पुढे असतो. त्याला यात काही विसंगत वाटत नाही, विसंगत आपल्याला वाटतं.

आपली अडचण अशी आहे की ओळख ही आपण वडिलोपार्जित जमिनीसारखी समजतो, एका भावाला गुंठा जास्त गेला की दुसऱ्याला कमी पडणारच. किती टक्के मराठी उरलाय आणि किती टक्के अमेरिकन झालाय असा हिशोब. तसं होत नाही. पोरगं बेसबॉल खेळायला लागलं म्हणून त्याच्यातली आरती कमी होत नाही.

भाषेबद्दल मात्र जास्त बोलायला हवं, कारण पुण्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त तेच लागतं. माझ्या क्लासमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिची आजी सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेली होती. एकदा क्लास चालू असताना मागून स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "अगं बाईंना सांग, हिला ळ येत नाही म्हणून रोज पोळ्या लाटताना काळं कुळकुळीत मांजर म्हणून घेते मी, तरी कालं कुलकुलीतच चाललंय!" मुलगी आधी फिसकन हसली, मग लाल झाली, मग मागे वळून इंग्लिशमध्ये म्हणाली की आज्जी, त्यांना ऐकू येतंय. बघा ना, तिला शब्द कळले, चेष्टा कळली, त्यातलं प्रेमही कळलं, आणि उत्तर मात्र इंग्लिशमध्ये आलं. आजीला वाटतं मुद्दाम बोलत नाही. तसं नाहीये. भाषा समजणं आणि भाषा बोलणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, ऐकताना शब्द समोरून मिळतो, बोलताना तो आपल्याला आतून शोधून काढावा लागतो आणि तोही पटकन. ज्या शब्दांचा रोज वापर नाही ते शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात इंग्लिश शब्द तोंडात येऊन थांबलेला असतो.

हे असं होतं कसं तर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत मूल घरी बऱ्यापैकी मराठी बोलतं. मग शाळा सुरू होते, दिवसाचे सहा-सात तास इंग्लिश, मित्र इंग्लिश, गोष्टींची पुस्तकं इंग्लिश, आणि डायनॉसॉर, ज्वालामुखी, भांडण, गुपित हे सगळं ते त्या भाषेत शिकतं. मराठीत उरतं जेव, झोप, चल, आवर, हात धू. धाकटं भावंडं असेल तर त्याचं अजून कठीण, कारण मोठं शाळेतून इंग्लिश घरी आणतं आणि भावंडं आपापसात तेच बोलतात, म्हणून एकाच घरात थोरलीला मराठी येतं आणि धाकट्याला नाही हे सर्रास दिसतं, संस्कार तर दोघांवर तेच झालेत. त्यात पूर्वी तिथले काही शिक्षक आणि डॉक्टरसुद्धा सांगायचे की घरी इंग्लिशच बोला नाहीतर मूल गोंधळेल, उशिरा बोलेल. घाबरून कित्येक आयांनी मराठी बंद केलं. आज हे चुकीचं मानलं जातं, दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही. पण एका पिढीचं नुकसान झालं ते झालंच. तिकडे गेलेल्या इटालियन, पोलिश, जर्मन लोकांचंही असंच झालं, पहिली पिढी स्वतःची भाषा बोलते, दुसरी दोन्ही, आणि तिसरीला बहुतेक वेळा आजीची भाषा येत नाही. हा भाषांच्या अभ्यासकांना चांगला माहीत असलेला क्रम आहे, एखाद्या सुनेचा हलगर्जीपणा नाही.

दोन चुका मुलं हमखास करतात आणि त्यावर इथे हमखास हसलं जातं. एक म्हणजे मुलगे 'मी जाते', 'मी आले' असं बोलतात. कारण दिवसभर मराठी फक्त आईच्या तोंडून ऐकलेलं असतं, तिचं वाक्य जसंच्या तसं उचललं. किती छान कान आहे त्या पोराचा खरं तर! पण पुण्यात आल्यावर मामेभाऊ 'मी जाते, मी जाते' करत दिवाणखान्यात नाचतो, मोठेही हसतात, आणि तो मुलगा त्या दिवसानंतर मराठी बोलायचं बंद करतो. हे मी एका नाही बऱ्याच मुलांकडून ऐकलंय, वय आठ-नऊ, आणि प्रसंग त्यांना अगदी बारीकसारीक आठवतो, कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत. दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना 'तू'. मला पण म्हणतात, "टीचर, तू सांग ना." मोठ्या काकांना 'तू काय करतोस' असं विचारलं की काकांचा चेहरा पडतो. त्यात उद्धटपणा शून्य असतो. घरात आईबाप एकमेकांना तू म्हणतात, त्याला तू म्हणतात, फोनवर आजीला तो तूच म्हणतो, 'तुम्ही' हा शब्द त्याच्या कानावर पडणार कधी?

भाषेनंतर खटके कशावरून उडतात तर आईबापांच्या डोक्यातल्या पुण्यावरून. माणूस ज्या वर्षी देश सोडतो त्या वर्षीचा देश बरोबर घेऊन जातो आणि तोच घरात लागू करतो. १९९८ ला गेलेल्या बापाच्या पुण्यात मुली सातच्या आत घरात असतात, मुलामुलींचे वेगळे घोळके असतात, आणि लग्न घरचे ठरवतात. त्याची सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या डान्सला जायचं म्हणते तर 'आपल्याकडे असलं चालत नाही'. मग ती पुण्यात येते आणि बघते तर तिची चुलतबहीण ढोल पथकाच्या सरावाहून रात्री साडेनऊला स्कूटरवरून परत येतेय, तिला बॉयफ्रेंड आहे आणि तो काकूला माहीत आहे. इथे मेट्रो धावायला लागली, हिंजवडीत नाइट शिफ्टवरून मुली एकट्या घरी येतात, पुणं कुठल्या कुठे गेलं आणि तिकडच्या घरात मात्र अजून १९९८ चालू आहे. तिला जे भारतीय म्हणून लादलं गेलं ते भारतात कुणी पाळत नाही हे कळल्यावर तिला काय वाटत असेल. आणि हो, ही बंधनं मुलींवर जास्त असतात, भावाला तोच डान्स चालतो. संस्कृती जपायचं ओझं परदेशात मुलींच्या अंगावर जास्त टाकलं जातं, हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडच्या गप्पांमध्ये टाळली जाते. मराठी संस्कृती जपायची म्हणजे कुणाची? महाराष्ट्र मंडळं तिकडे खूप मोलाचं काम करतात, लंडनचं मंडळ तर १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं आणि गावोगावच्या मराठी शाळा चालतात, रविवारी स्वतःचा वेळ देऊन आया-बाबा शिकवतात. पण अनेक ठिकाणी मुलांसमोर येते ती संस्कृती म्हणजे अथर्वशीर्ष, उकडीचे मोदक, नाट्यसंगीत आणि दिवाळी पहाट. ज्या घरी १४ एप्रिल हा सगळ्यात मोठा दिवस असतो, किंवा जे मूल मराठी मुसलमान किंवा ख्रिस्ती घरातलं आहे, त्याला तिथे बसून वाटतं की मग मी मराठी नाही का. गोऱ्यांच्या शाळेत आधीच वेगळं पडलेलं मूल आपल्याच लोकांत दुसऱ्यांदा वेगळं पडतं. जात विमानाने तिकडे गेलेली आहे, म्हणूनच सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला गेले होते. तिथल्या मराठी मुलाला अभिमानाने सांगावी अशी यापेक्षा मोठी गोष्ट कुठली असणार, तरी किती मराठी शाळांत ती सांगितली जाते हा प्रश्न मला सतावतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते पण तो महत्त्वाचा आहे. सगळीच मुलं तिकडे जन्मलेली नसतात. काही दोन-तीन वर्षांची असताना आईबापांच्या एच-वन-बी बरोबर एच-फोर व्हिसावर, म्हणजे कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर जातात. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं, म्हणजे तिथे कायम राहायचे परवाने, वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झालीय. रांगेत असतानाच मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जात धरलं जात नाही, मग त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा घ्यावा लागतो नाहीतर देश सोडावा लागतो. ज्याने बालवाडीपासून तिथे शिक्षण घेतलं त्याला एकविसाव्या वर्षी कळतं की हा देश आपला नाही, आणि ज्या देशाचा पासपोर्ट आहे तिथे आपण फक्त सुट्टीत गेलोय. अशा मुलाला 'तू स्वतःला कुठला समजतोस' हे जेवणाच्या टेबलावर गमतीत विचारू नका, प्लीज.

आणि जे नागरिक झाले त्यांना भारत दुसरं नागरिकत्व देत नाही, आपल्या राज्यघटनेत आणि १९५५ च्या कायद्यात तशी सोयच नाही. २००५ पासून परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, नोकरी करता येते, घर घेता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

मग ही मुलं पुण्यात येतात, आणि इथे आपला भाग सुरू होतो. तिकडे ती इंडियन असतात, इथे उतरल्या उतरल्या अमेरिकन होतात. रिक्षावाला उच्चार ऐकून भाडं जास्त सांगतो, तुळशीबागेत भाव वाढतो, आणि घरी रोज एक परीक्षा असते, पाढे म्हण, श्लोक म्हण, एकोणसत्तर म्हणजे किती सांग. अहो एकोणसत्तर तर इथल्या इंग्लिश मीडियमच्या निम्म्या मुलांना सांगता येत नाही. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, वडील मालवणजवळच्या वराडचे, आई आयरिश, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांना आपलं म्हटलं आणि २०१९ च्या शेवटी ते वराडला आले तेव्हा गावाने त्यांचं मनापासून स्वागत केलं. त्यांना कुणी पाढे विचारले नाहीत. तेवढंच निखळ स्वागत आपल्या साध्या, अजून काहीच न झालेल्या पुतणीला मिळायला काय हरकत आहे?

जी कुटुंबं कायमची परत येतात, बाणेर-बालेवाडीत, मगरपट्ट्यात अशी बरीच आहेत, त्यांच्या मुलांना वेगळाच फटका बसतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं असं माझं मत आहे, पण सातवीत परत आलेल्या मुलाला मुळाक्षरांपासून सुरुवात करायची असते आणि वर्गातली मुलं निबंध लिहीत असतात. त्याचं मराठी घरचं, प्रेमाचं असतं, त्याला अचानक मार्क पडायला लागतात आणि तेही कमी. अशा मुलांना शाळेबाहेर कुणीतरी वर्षभर नुसतं बोलायला मिळालं, शेजारचे आजोबा, क्रिकेटची टीम, कुणीही, तर फरक पडतो हे मी बघितलंय.

हे सगळं वाचून वाटेल की ही मुलं कायमची अडकलेलीच राहतात. तसं नाही. जीन फिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वंशांच्या मुलांशी बोलून साधारण तीन टप्पे सांगितलेत. लहानपणी मूल यावर विचारच करत नाही, आजूबाजूचे म्हणतात ते खरं. मग एखादा प्रसंग घडतो, कुणी टोमणा मारतो, कुणी घरातलं जातं, कॉलेजात आपल्यासारखे भेटतात, आणि शोध सुरू होतो, यात चिडचिड असते, आईबापांवर राग असतो, कधी अति भारतीय होणं असतं. नंतर हळूहळू स्वतःचं काहीतरी जमतं. माझ्याकडे पंचविशीतले विद्यार्थी येतात ते या दुसऱ्या टप्प्यावरचे, आणि सगळ्यात मन लावून तेच शिकतात. लहानपणी मराठी शाळा बुडवलेली असते, आता स्वतःच्या पगारातून फी भरतात. त्यांना बाराखडीत फार रस नसतो, त्यांना आजीशी दुभाष्याशिवाय बोलायचं असतं. एकीने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की आजीला तिच्या लग्नाबद्दल विचारायचंय, आगाऊपणा न वाटता कसं विचारू. आम्ही दोन तास त्या एका प्रश्नावरच घालवले, आधी काय बोलायचं, मग कसं वळायचं, ती गप्प झाली तर काय म्हणायचं.

इथून आपल्याला काय करता येईल तर बरंच काही आहे. मूल आलं की त्याला काम द्या, मटार सोलायला बसवा, वाण्याकडे कोथिंबीर आणायला पाठवा, बोलणं कामातून येतं, 'चल मराठीत बोलून दाखव' म्हटल्यावर कुणाचंही तोंड उघडणार नाही. ते इंग्लिशमध्ये उत्तर देत असेल तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा, त्याचं थांबलं तरी तुमचं थांबू देऊ नका. चुकलं तर नुसतं बरोबर वाक्य परत म्हणा, 'हो का, तू जातोस होय, जा', बास. त्याच्या शाळेबद्दल, मित्रांबद्दल विचारा, त्याचं तिकडचं आयुष्य म्हणजे बिघडलेलं आयुष्य नाही. आणि ते परत गेल्यावर व्हॉट्सॲपवर देवनागरीत लांबलचक मेसेज टाइप करून पाठवू नका, त्यातल्या बहुतेकांना ते वाचता येत नाहीत आणि ते सांगायला लाजतात. त्यापेक्षा व्हॉइस नोट पाठवा, मिनिटभराची, काहीही सांगा, आज भाजीवाल्याशी काय झालं, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली. ऐकलेलं सगळं कळतं त्यांना.